अकरा नंबरच्या आजी आणि तुमची प्रश्नपत्रिका

नर्सिंगच्या शिक्षक, परीक्षक आणि वॉर्ड इन्चार्ज यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझ्या ड्यूटीची वर्षं आता बरीच झाली. वॉर्डात काम केलं, इन्चार्ज म्हणून रजिस्टरं सांभाळली, पोस्टिंगला येणाऱ्या विद्यार्थिनींच्या पाठीशी उभी राहिले, आणि काही वेळा व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलापलीकडे, म्हणजे तुमच्याच रांगेत बसले. तेव्हा आधी कोणत्या पेशंटकडे जायचं हे आपण कसं शिकवतो आणि तपासतो, याबद्दल पुढे जी तक्रार करणार आहे तिच्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करते.

एका पहाटेची गोष्ट सांगते. सहा वाजायला आले होते. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर होती. हुशार, टापटीप, हाताला वळण असलेली मुलगी. तिच्याकडे चार पेशंट दिले होते. तीन नंबरला खुब्याचं ऑपरेशन झालेले गृहस्थ होते, दुखतंय म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सात नंबरचं सहाचं अँटिबायोटिक द्यायचं होतं. नऊ नंबरचा मुलगा दोनदा येऊन सांगून गेला होता, "सिस्टर, सलाइन संपत आलंय." आणि अकरा नंबरला एक आजी. लघवीच्या इन्फेक्शनसाठी दाखल झालेल्या. रात्रभर चुळबुळ चाललेली, मधूनच चादर ओढत होत्या. पण कुणाला हाक मारत नव्हत्या.

मुलीनं तीन नंबरला लिहून दिलेलं इंजेक्शन दिलं. सलाइन बदललं. अँटिबायोटिक वेळेत लावलं. तिन्ही नोंदी तिथल्या तिथे केल्या. मग पावणेसातला आजींकडे गेली आणि चार्ट भरला: बीपी ११८/७०, नाडी ११२, ताप ३७.९ सेल्सियस, ऑक्सिजन ९६ टक्के, श्वास २०. शेरा काय लिहायचा म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी आजींजवळ उभी होते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. २६ भरला. "आजी, आपण कुठे आहोत?" विचारलं, तर त्यांनी मला बहिणीच्या नावानं हाक मारली आणि दार लावून घे म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी याच आजी नातवाच्या परीक्षेबद्दल माझ्याशी नीट बोलल्या होत्या. केस पेपर मागे उलटला, तर दाखल होतानाचं बीपी १६४/९२, आणि रक्तदाबाच्या गोळ्या कित्येक वर्षांपासून चालू.

मुलगी म्हणाली, "मॅडम, पण बीपी नॉर्मल आहे ना!"

तिच्या वाक्यात चूक नव्हती. ११८ हा आकडा पुस्तकातल्या माणसासाठी नॉर्मलच. या आजींसाठी मात्र ती ४६ ची घसरण होती.

लगेच मी तिला आजींचे आकडे न्यूज-२ मध्ये, म्हणजे पेशंट किती ढासळतोय हे गुणांत सांगणाऱ्या तक्त्यात, मांडायला लावले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. तुमच्यातले बहुतेक जण ती शिकवतात. तिनं चार्टवर लिहिलेल्या आकड्यांचे गुण झाले २, सगळे नाडीचे. दोन गुणांचा पेशंट म्हणजे चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. आता फक्त दोन गोष्टी बदला. श्वास २० ऐवजी खरा २६ घाला, त्याचे ३. नव्यानं आलेला गोंधळ धरा, त्याचे ३. ही भर २०१७ च्या सुधारणेत पडली. बेरीज ८. सात किंवा त्याहून जास्त झाले की तातडीनं टीम बोलवायची. पेशंट तीच, मिनिटही तेच. सहा तास थांबायचं की फोनकडे धावायचं, हे ठरवणारं अंतर एका मिनिटाच्या मोजणीचं आणि एका प्रश्नाचं होतं. आणि या गुणांतही बीपीला शून्यच पडतं, कारण ११८ हे या आजींच्या १६४ वरून आलंय हे त्या तक्त्याला कळायला मार्ग नाही. ते केस पेपर उलटणाऱ्यालाच कळतं.

आजी वाचल्या. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. अतिदक्षता विभागात काही दिवस काढून परत आल्या. याचं श्रेय मी घेत नाही, त्या पहाटे मी त्या बेडजवळून सहज पुढे निघून गेले असते.

मुलीला घरी पाठवल्यावर मी स्वतःला एक प्रश्न विचारला, तोच तुमच्यापुढे ठेवते. तिच्या या पाऊण तासाला तुम्ही व्हायवात किती गुण दिले असते? मी असते तर दहापैकी आठ दिले असते. वेदनेकडे लक्ष दिलं, औषध वेळेवर, सलाइन कोरडं पडू दिलं नाही, नोंदी पूर्ण. आपण जे मोजतो ते सगळं तिनं केलं होतं.

आता प्रश्नपत्रिकेकडे येते. प्राधान्यक्रमावरचा आपला ठरलेला प्रश्न कसा असतो? चार रुग्णांची चार वाक्यं. एकाला वेदना आहेत, एकाला घरी जायचं आहे, एकाला चिंता वाटते, आणि एकाला "श्वास घेण्यास त्रास होत आहे". प्रथम कोणाकडे जाल? विद्यार्थिनी ते वाक्य हुडकते, श्वसनमार्ग-श्वास-रक्ताभिसरण हा क्रम लावते, खूण करते, पुढच्या प्रश्नाला जाते. माझं म्हणणं इतकंच की ते वाक्य लिहिलं कुणी? वॉर्डात ते कुणीच लिहून ठेवत नाही. ते वाक्य तयार करणं हेच तर नर्सचं काम. प्रश्न काढताना आपणच पेशंट बघतो, आपणच लक्षण ओळखतो, आपणच त्याला नाव देतो आणि विद्यार्थिनीसाठी उरतं ते फक्त चिठ्ठ्या ओळीत लावणं.

श्वसनमार्ग आधी, मग श्वास, मग रक्ताभिसरण, या क्रमाला माझा आक्षेप नाही. कोसळणाऱ्या माणसाजवळ हात थरथरत असताना तो क्रमच आपल्याला उभं ठेवतो. पण जे दिसलं आहे त्याचाच क्रम त्याला लावता येतो. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाची जी मांडणी केली, तिची पहिली पायरी लक्षात येणं ही आहे. मग अर्थ लावणं, कृती, आणि शेवटी मागे वळून बघणं. आपली परीक्षा तिसऱ्या पायरीवर सुरू होते आणि तिथेच संपते.

मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या गरजांच्या पिरॅमिडचीही तीच गत. १९४३ च्या ज्या लेखात त्यानं गरजांची उतरंड मांडली, त्यात पिरॅमिडचं चित्र नाहीच, आणि हा क्रम वाटतो तितका ताठर नसतो हे त्यानं तिथेच सांगून ठेवलंय. आपण मात्र तो त्रिकोण वहीत पाच रंगांत काढून घेतो. (माझ्याही वहीत होता. सुंदर होता.)

श्वासाच्या मोजणीवर जरा थांबते, कारण सगळा विषय मला त्या एका रकान्यात दिसतो. कुठल्याही वॉर्डातले आजचे चार्ट मागवा आणि फक्त श्वासाचा रकाना वरून खाली वाचा. १८, २०, १८, २०, २०, २०. न्यूमोनियाचा पेशंट २०, हर्नियाचा पेशंट २०. माणसं इतकी एका लयीत श्वास घेत नाहीत. बीपी यंत्र सांगतं, नाडी आणि ऑक्सिजन बोटावरचं यंत्र सांगतं. श्वासासाठीच तेवढं कुणीतरी मिनिटभर गप्प उभं राहावं लागतं, आणि मिनिटभर गप्प उभी असलेली नर्स बघणाऱ्याला रिकामी वाटते.

आणि नेमका हाच आकडा बऱ्याचदा सगळ्यात आधी बोलतो. रक्तपुरवठा कमी पडून शरीरात आम्ल साठायला लागलं की ते बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो. बीपी त्या वेळी टिकून असतं, कारण शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते सांभाळत असतं. बीपी पडतं तेव्हा ही सगळी उसनवारी संपलेली असते. त्यातही म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, चालू असेल तर नाडीही खोटी साक्ष देते. उलट दिशेचंही उदाहरण तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशननंतर मॉर्फिन चालू आहे, नाकाला ऑक्सिजन आहे, यंत्रावर ९८ दिसतंय आणि पेशंट "छान झोपलाय". श्वास मोजला तर आठ. बाहेरून मिळणाऱ्या ऑक्सिजनमुळे यंत्रावरचा आकडा हसरा राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. गुंगी वाढते आणि मग श्वास मंदावतो. म्हणजे त्याला हाक मारून उठवून बघणं हीसुद्धा तपासणीच आहे, आणि तिला आपल्या चार्टवर रकाना नाही.

हे कुणाला नवं नाही. १९९० मध्ये शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या आठ तासांत प्रकृती ढासळल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी सापडल्या. नोंदी होत्या, हे लक्षात घ्या. कुणीतरी बघितलं होतं, लिहिलंही होतं, आणि लिहून पुढच्या बेडकडे गेलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

आपण विद्यार्थिनींना "आधी कोण" हे शिकवतो. "मागे कोण ठेवायचं" हे कुणीच शिकवत नाही. पण एका नर्सकडे आठ किंवा बारा पेशंट असतील, तर एकाकडे जाणं म्हणजे बाकीच्यांकडे न जाणं. तिच्या दिवसातले बहुतेक निर्णय या न जाण्याचेच असतात, आणि ते ती चोरून घेते. कारण मागे ठेवलं असं कबूल केलं की इन्चार्ज ओरडणार, केस पेपरवर तसं लिहायला जागा नाही, आणि पुस्तकाप्रमाणे सगळं सगळ्यांचं वेळेवर व्हायला हवं. मग ती काय करते? जे मागे राहिलं तर दिसतं ते आधी करते, आणि जे दिसत नाही ते ढकलते. सलाइनची रिकामी बाटली दिसते, नातेवाईक बोट दाखवतात. सहाचं औषध साडेसहाला दिलं तर चार्टवर दिसतं. पण आजींशी दोन वाक्यं बोलायची राहिली, हे कुठेच दिसत नाही. त्या मुलीनंही प्राधान्यक्रम लावलाच होता की! फक्त तो पेशंटच्या धोक्याप्रमाणे न लागता तिला बसू शकणाऱ्या बोलण्यांच्या धोक्याप्रमाणे लागला होता. आणि ही शिकवण तिला आपणच दिली, वर्गात नसेल तर वॉर्डात.

बीट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसशी बोलून राहून जाणाऱ्या कामांची नोंद केली. पेशंटला चालवणं, कुशीवर वळवणं, वेळेत भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, स्वच्छता, घरी जायची तयारी, पाण्या-लघवीचा हिशोब, आणि लक्ष ठेवणं. ही यादी वाचली तेव्हा मला रडू आलं नाही, हसू आलं. हे तर आमच्या वॉर्डाचं रोजचं हजेरीपत्रक. यातलं काहीही "तातडीचं" नाही. एका शिफ्टमध्ये यातलं काही मागे ठेवलं तर ते चुकीचं म्हणता येणार नाही. पण आता तीन शिफ्ट एकापुढे एक ठेवा.

सकाळपाळीत दोन ऑपरेशनचे पेशंट परत आले, म्हणून अर्धांगवायूच्या काकांना वळवणं राहिलं. बरोबर निर्णय. दुपारपाळीत एकाला रक्त चढवताना थंडी वाजली, सगळे तिकडे धावले, काकांना वळवणं राहिलं. बरोबर निर्णय. रात्री एकच सिस्टर, तीन नवीन दाखल. बरोबर निर्णय. तीन बरोबर निर्णयांची बेरीज म्हणजे माकडहाडावर उघडी पडलेली जखम. तिन्ही सिस्टरना वेगवेगळं उभं करून विचारलंत तर प्रत्येकीचं उत्तर तुमच्या उत्तरपत्रिकेशी जुळेल. तोंडाच्या स्वच्छतेचंही तसंच. तीन दिवस राहिली, तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले, न्यूमोनिया झाला, आणि मग तोच पेशंट "आधी कोण" या प्रश्नात पहिला नंबर घेऊन आला. आज शेवटी ठेवलेलं काम उद्या पहिलं होऊन येतं. म्हणून एखादी गोष्ट मागे ठेवताना ती आधी किती वेळा मागे राहिली आहे, हे माहीत असल्याशिवाय तो निर्णय पूर्ण होत नाही. सुटं एक शिफ्ट देऊन विचारलेला प्रश्न हे कधीच तपासू शकत नाही, आणि आपले झाडून सगळे प्रश्न सुटे एक शिफ्ट देऊनच विचारलेले असतात.

मागे ठेवण्याचीही एक पद्धत असते. जुन्या सिस्टर ती न सांगता पाळतात. मी माझ्यापुरते तीन प्रश्न करून घेतले आहेत: मी याला कधीपर्यंत थांबवू शकते? तोवर याच्यावर नजर कुणाची? आणि काय झालं तर मी त्याआधीच परत येईन? तीन नंबरच्या गृहस्थांना "काका, दहा मिनिटांत येते, तोवर पायाला मुंग्या आल्या किंवा पाय गार वाटला तर लगेच बेल दाबा," असं सांगून निघणं म्हणजे त्यांना मागे ठेवणं. नुसतं न जाणं म्हणजे विसरणं. दुरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि आपण दोन्हींसाठी सारखंच रागावतो.

फोनवरच्या बोलण्याचंही लिहायला हवं. ठरवलेलं प्राधान्य दुसऱ्याला पटवता आलं नाही, तर ते नर्सच्या मनातच राहतं. त्या पहाटे मी मुलीला म्हटलं, डॉक्टरांना फोन तूच कर. तिनं केला. "सर, अकरा नंबरच्या पेशंट जरा बऱ्या वाटत नाहीयेत." पलीकडून, "बीपी किती?" "११८, सर." "ठीक आहे मग, राउंडला बघतो." फोन बंद. डॉक्टरांना दोष देत नाही, रात्रभर जागा माणूस होता, त्यानं ऐकलेल्या आकड्यावर निर्णय दिला. मी पुन्हा फोन लावायला सांगितलं आणि आधी कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "सर, अकरा नंबर, लघवीचं इन्फेक्शन, दाखल होऊन दोन दिवस. दाखल होताना बीपी १६४ होतं, आत्ता ११८. श्वास २६, मोजलेला. काल बोलत होत्या, आज माणसं ओळखत नाहीत. न्यूज ८ आहे. इन्फेक्शन रक्तात गेलं असावं असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." सर चार मिनिटांत वॉर्डात होते. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी, हा साचा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आला आणि आपण तो शिकवतोही, पण लिहून काढण्यापुरता. "इन्फेक्शन रक्तात गेलं असावं" हे म्हणायला त्या मुलीची जीभ अडखळत होती. अंदाज सांगणं आपलं काम नाही, असं तिला कुणीतरी शिकवलं होतं. आणि "तुम्ही यावं" ही मागणी करणं तर उद्धटपणाच वाटला तिला.

"बरं वाटत नाहीये" या भावनेलाही मी कमी लेखत नाही. कित्येक रुग्णालयांत तातडीची टीम बोलावण्याच्या निकषांमध्ये "कर्मचाऱ्याला काळजी वाटते" एवढंही कारण पुरतं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवखी ते निष्णात असा नर्सचा जो प्रवास मांडला, त्यात निष्णात नर्स नियमांच्या पायऱ्या न मोजता एकदम परिस्थितीच्या गाभ्याशी पोचते. खरं आहे. पण आपण जुन्या लोकांनी ते "अनुभवानं कळतं" म्हणून सोडून देऊ नये. मला आजींबद्दल जे वाटलं ते चादर ओढण्यावरून वाटलं, हे मी मुलीला तिथेच मोठ्यानं सांगायला हवं होतं. दोन दिवसांनी सांगितलं. तोवर तिच्यासाठी ती मॅडमची जादू होऊन बसली होती.

इन्चार्ज भगिनींनो, आता तुमच्याशी. पाळी बदलतानाचा हँडओव्हर बेड नंबर एकपासून सुरू करून तीसपर्यंत जातो. धोका काही बेड नंबरप्रमाणे वाटून दिलेला नसतो. सव्वीस नंबर येईपर्यंत घरी जाणारीचं लक्ष दाराकडे आणि आलेलीचं पेनाकडे असतं. एकच बदल करून बघा: पहिल्या बेडआधी विचारा, "तुला कुणाची काळजी वाटते, आणि तुझं काय राहिलंय?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला रागावू नका. एकदा रागावलात की पुढचं वर्षभर "काही नाही, सगळं झालंय" हेच ऐकायला मिळेल, आणि काकांना वळवणं राहिलं हे जखमेतूनच कळेल. शिवाय औषधाच्या ट्रॉलीवर असलेल्या सिस्टरला हाका मारणं थांबवा. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये आला. औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आपण मात्र दर पाच मिनिटांनी तिला फोन घ्यायला लावतो आणि वर एकाग्रतेवर व्याख्यान ठेवतो.

इथे एक भीती मला वाटते, ती बोलून टाकते. "नर्सनी विचार करायला शिकलं पाहिजे" हे वाक्य वरच्या लोकांना फार आवडतं, कारण ते फुकट आहे. माणसं कमी आहेत म्हटलं की उत्तर मिळतं, प्राधान्यक्रम लावा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास मांडला. नर्समागे शस्त्रक्रियेचा एक जरी रुग्ण वाढला, तरी दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. हुशारीनं क्रम लावून ही वजाबाकी भरून निघत नाही. वीस पेशंट असलेली नर्स उत्तम विचार करून फार तर इतकंच ठरवू शकते की कुणाचं नुकसान आधी होऊ द्यायचं नाही. तेव्हा माझं हे पत्र दाखवून कुणी एक पोस्ट कमी केली, तर ते पत्र माझं नाही असं मी लेखी देईन.

शिक्षकांकडे मागणं साधं आहे. केअर प्लॅनच्या वह्या कमी करा. "शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे तीव्र वेदना" हे निदान मी इतक्या वह्यांत, इतक्या सारख्या अक्षरांत वाचलंय की मूळ वही कुणाची, याचा शोध घ्यावासा वाटतो. त्याऐवजी विद्यार्थिनीला आठवड्यातून एकदा एकाच पानावर लिहायला सांगा: आज मी काय मागे ठेवलं, का, आणि नंतर काय निघालं. त्याला गुण द्या. चूक कबूल केली तर जास्त द्या. आणि परीक्षेत माहिती एका दमात देऊ नका, वॉर्ड कधी देत नाही.

नुसतं बोलून दाखवलं असं होऊ नये म्हणून एक प्रश्न सोबत पाठवते, हवा तसा वापरा.

दुपारपाळी नुकतीच सुरू झाली आहे, सिस्टर एक, पेशंट पाच. पहिल्याचं जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायची वेळ झाली आहे. शुगर १४२, जेवणाचा ट्रे अजून आलेला नाही. दुसरीचं सकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालंय. ड्रेसिंग कोरडं आहे, ती म्हणते पट्टी जरा घट्ट वाटतेय, आवाज बसलाय. तिसऱ्याची लघवीची पिशवी चार तासांपूर्वी रिकामी केली होती, आता तिच्यात ६० मिली आहे. वजन ६० किलो. चौथ्या काकांना पक्षाघात. कुशीवर वळवल्याची शेवटची नोंद आदल्या रात्रीची. पाचव्याला घरी सोडायचं आहे, त्याला स्वतः इन्सुलिन टोचायला शिकवायचं आहे, आणि त्याचे नातेवाईक टेबलापाशी उभे राहून आवाज चढवत आहेत. उत्तर लिहा. अर्ध्या तासानं पर्यवेक्षकानं दुसरा कागद वाटावा: पहिल्या पेशंटला घाम सुटला आहे, आणि इन्सुलिन आधीच्या पाळीतच दिल्याची नोंद दुसऱ्या कागदावर सापडली आहे. आता काय बदललं?

वीस गुण. "आधी कोण" याला मी चारच ठेवलेत. बारा गुण मागे ठेवलेल्यांचे: कुणाला, कधीपर्यंत, कुणाच्या नजरेखाली, आणि परत कधी. उरलेले चार गुण तिसऱ्या पेशंटसाठी राखून ठेवा. किडनीबद्दल पानभर लिहिण्याआधी जी मुलगी "कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का, ते आधी बघेन" असं लिहील, तिला ते द्या.

तुमच्यातलीच,
वॉर्डातली एक जुनी सिस्टर